पैशाशिवायची शेती : रावेर, धुळे जेल आणि पवनार

परवा शुक्रवारी कॉल संपता संपता आमच्या क्लायंटकडच्या एका गोऱ्या साहेबाने जाहीर केलं की तो नोकरी सोडतोय. बल्गेरियातल्या कुठल्याशा खेड्यात त्याने एक पडकं घर आणि त्याला लागून एकरभर जमीन घेतली आहे. पुण्यात एक बरी कार येईल एवढ्या पैशात! बटाटे, टोमॅटो, कोंबड्या, लाकडाची चूल, अंगणात विहीर. "आता दुकानातून फक्त मीठ आणायचं," म्हणाला. झालं, आमच्या टीममध्ये दोन दिवस दुसरा विषय नाही.

माझी झोप मात्र वेगळ्या कारणाने उडाली. रावेरजवळ आमची तीन एकर जमीन आहे, वडिलांच्या वाट्याची. वडील गेल्यापासून नाना (त्यांचे थोरले भाऊ) ती कसतात. नाना आता सत्तरीच्या पुढे. गेल्या महिन्यात त्यांनी फोनवर सरळच विचारलं, "येतो का भो इकडे, की देऊन टाकू? दिवाळीपर्यंत सांग." ऑफिसातले लोक माझ्या सातबाऱ्याकडे बघून उसासे टाकतात, कारण ज्याच्या नावावर शेती नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेणं सोपं नाही. आणि मी असलेली विकायला निघालोय.

तर साहेबाची आयडिया आपल्याकडे कोणी करून बघितली होती का, हे शोधण्यात हा विकेंड गेला.

आधी एक गैरसमज. आपल्याला वाटतं, यात नवीन काय, आपले पणजोबा असेच तर जगायचे! स्वयंपूर्ण खेडं, घरची ज्वारी, घरचं तूप वगैरे. हे चित्र रंगवण्यात इंग्रजांचाही हात आहे. चार्ल्स मेटकाफ नावाच्या अधिकाऱ्याने १८३० मध्ये हिंदुस्थानातली खेडी म्हणजे छोटी छोटी प्रजासत्ताकं असं लिहून ठेवलं आणि पुढची शंभर वर्षं सगळे तेच घोकत राहिले. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गांवगाडा' (१९१५) वाचलं की वेगळंच दिसतं. कुणब्याचं घर एकट्याने कधीच चालत नव्हतं. नांगराला सुतार, फाळाला लोहार, मोटेला चांभार, गाडग्याला कुंभार. त्या बदल्यात खळ्यावर धान्य. आणि ज्यांना त्या खळ्यावर सगळ्यात शेवटी, सगळ्यात कमी मिळायचं, त्यांना कोणी स्वयंपूर्णतेबद्दल विचारलं नव्हतं. गाव काही अंशी स्वयंपूर्ण असेल, घर नव्हतं. मीठ तर तेव्हाही बाहेरूनच यायचं, बल्गेरियासारखंच.

शिवाय सारा. पोटापुरतं पिकवलं तरी सरकारला रोख रक्कम द्यावी लागायची, आणि रोख हवी तर काहीतरी विकलं पाहिजे. १८५२ साली इंग्रजांची जमीनमोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, रावेर, यावल या आमच्याच पट्ट्यातले शेतकरी हजारोंनी तिच्याविरुद्ध उभे राहिले. शेवटी लष्कर आणून ते मोडलं. शाळेत पाचवीपासून इतिहास शिकलो, पण आपल्या तालुक्यात हे घडलं होतं हे मला तिशी उलटल्यावर कळावं! असो. दहा वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. त्यानंतर आमचं रान बाजारासाठीच पिकतंय. आधी कापूस, आता केळी. नानांच्या शेतातली केळी ट्रकमध्ये बसून उत्तरेकडे जाते आणि घरी कळण्याच्या भाकरीची ज्वारी किराणा दुकानातून येते.

म्हणजे "पूर्वीसारखं" करायचं म्हटलं तर तसं पूर्वी फारसं नव्हतंच. मग ठरवून, हिशेब मांडून हे केलं कोणी? या प्रश्नावर जे नाव सापडलं त्याचा धागा पुन्हा खानदेशातच निघाला.

१९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी गीतेवरची अठरा प्रवचनं त्यांनी तिथे दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. 'गीता प्रवचने' बहुतेकांच्या घरी असतं, निदान आजोबांच्या कपाटात. पण त्याच तुरुंगात विनोबा जात्यावर दळायचेही. राजकीय कैद्यांनी अंगमेहनत टाळू नये, खायचं तर राबायचं, हा त्यांचा आग्रह. पुढे जे पवनारला झालं ते या जात्यापासून सुरू झालं असं मला वाटतं.

पवनार म्हणजे वर्ध्याजवळचं, धाम नदीकाठचं गाव. १९३८ मध्ये विनोबा तिथे आले ते प्रकृती पार ढासळल्यामुळे, वजन चाळीस किलोच्या आसपास उतरलं होतं. उपाय काय केला, तर रोज थोडं थोडं जमीन खणणं. पहिल्या दिवशी अगदी काही मिनिटं, मग वाढवत वाढवत तासांपर्यंत. तब्येत सुधारली! (आमच्या कंपनीच्या जिमवाल्याला हे सांगून बघितलं, त्याने फक्त मान हलवली.)

खरा प्रयोग १९५० च्या सुरुवातीला. त्याला त्यांनी नाव दिलं कांचनमुक्ती. स्वातंत्र्य मिळालं, गांधीजी गेले, आणि आपल्या संस्था मात्र श्रीमंतांच्या देणग्यांवरच चालल्या आहेत, हे त्यांना खुपत होतं. म्हणून ठरवलं की आश्रमाने पैशाचं दान घ्यायचं नाही. ज्याला द्यायचं असेल त्याने श्रम द्यावेत. सुरुवात भाजीपाल्यापासून, मग धान्य. कापडासाठी स्वतः सूत कातायचं. याच्या जोडीला ऋषीशेती, म्हणजे बैल न वापरता नुसत्या कुदळी-फावड्याने केलेली शेती. विहीर हातांनी खणली. रहाट ओढायला बैलांच्या जागी माणसं, त्यात पंचावन्न वर्षांचे विनोबाही.

इथे मला थोडं खट्याळपणे विचारावंसं वाटतं की ज्या बंगल्यात हे सगळं उभं राहिलं तो कोणाचा? जमनालाल बजाजांचा. कापसाच्या व्यापारात मोठं झालेलं घराणं! पैशापासून मुक्ती घ्यायला जागा पैशावाल्याचीच लागली. पण हा टोमणा विनोबांना एकट्याला लागू नाही. अमेरिकेतला थोरो १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला ती जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. माझ्या तीन एकरांचंही तेच, ते काही मी कमावलेले नाहीत.

आणि हा प्रयोग बंद का पडला? पीक बुडालं म्हणून नाही. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. पैसा सोडलेला, मग तिकीट कशाने काढणार? विनोबा ८ मार्चला पायी निघाले. जाताना महिनाभर चालले. संमेलन उरकून तेलंगणात फिरत असताना १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात चाळीस दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे जमीन मागितली. किती? ऐंशी एकर. विनोबांनी सभेतच विचारलं, कोणी देईल का? रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि शंभर एकर देतो म्हणाले. भूदान तिथून सुरू झालं आणि विनोबांची पुढची तेरा वर्षं चालण्यात गेली. पवनारचा मळा, निदान त्यांच्यापुरता, जेमतेम सव्वा वर्षात मागे पडला.

ऐंशी एकर भागिले चाळीस. कुटुंबाला दोन एकर. शनिवारी रात्री हे गणित करताना मी जरा थबकलो. आपण ज्याला फार्महाऊसची किंवा शांत आयुष्याची साइझ म्हणतो, ती त्या लोकांनी नुसतं जगता यावं म्हणून मागितलेली साइझ होती. त्यांचे हात तयार होते, जमीन नव्हती. माझं बरोबर उलटं. भूदानात मिळालेल्या लाखो एकरांपैकी बरीच जमीन खडकाळ, वादातली किंवा कधी वाटलीच न गेलेली निघाली हे खरं आहे. पण विनोबा स्वतःचा भाजीचा मळा सोडून गेले ते का, हे मला पोचमपल्लीच्या त्या आकड्यावरून कळलं.

आता माझा हिशेब. पवनारला रहाटाला हात होते, माझ्याकडे दोन. बायकोचे धरले तर चार, पण तिने आत्ताच सांगून ठेवलंय की ती येईल ती वायफायसकट. पवनारला शेजारी नदी होती. रावेर-यावलमध्ये जमिनीखालचं पाणी वर्षानुवर्षं खाली जातंय, कारण केळी पाणी पिते आणि प्रत्येकाने आपला बोअर शेजाऱ्यापेक्षा खोल नेलाय. ठिबक आलं तरी उपसा थांबला नाही. आमच्या आजोबांच्या विहिरीवर मोट चालायची. ती विहीर मी लहानपणापासून कोरडीच बघतोय, आत पिंपळ उगवलाय.

रविवारी दुपारी नानांना फोन लावला. म्हटलं, नाना, केळी काढून अर्ध्या एकरात ज्वारी, उडीद आणि भाजीपाला लावला तर?

"लाव की. राखण कोण करेल?"

"आणि नाना, शेतात जे कामाला येतात, दोघं नवरा-बायको, त्यांची स्वतःची जमीन किती?"

नाना थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "त्यांना कुठली जमीन? अठरा वर्षं झाली आपल्याकडेच आहेत."

दिवाळीला जातोय. विकायचा कागद करायचा नाही एवढं नानांना सांगितलंय. तीन एकरांचं काय करायचं ते तिथे चौघं बसून ठरवू, मी, नाना आणि ते दोघं.