मध्य प्रांतातून केडगावला

पांढुर्णा आणि सौसर हे २०२३ साली झालेल्या नव्या पांढुर्णा जिल्ह्याचे तालुके. १८९७ मध्ये ते ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात, छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्या काळात दुष्काळाने हा प्रांत होरपळला. तेव्हा पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली-बायकांना आपल्यासोबत घेऊन गेल्या.

भूक रमाबाईंना चांगली ठाऊक होती. पुण्य मिळावे म्हणून दानधर्म, उपास आणि तीर्थयात्रा यांत आईवडिलांनी सारे संपवले आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात दोघेही गेले. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. तरी पापमुक्ती स्वतःच्या प्रयत्नांनी मिळवायची, ही जुनी सवय मनातून गेली नव्हती. सुमारे आठ वर्षांनी हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना त्यांना उमगले की क्षमा कमवावी लागत नाही, ख्रिस्त ती देतो. हे वळण बाप्तिस्म्याहूनही मोठे होते.

रमाबाईंच्या केडगाव इथल्या मुक्ती मिशनमध्ये म्हणूनच अन्नाइतकीच प्रार्थनेला जागा होती. जून १९०५ मध्ये तिथल्या मुली रडत, सगळ्यांसमोर पापे कबूल करू लागल्या आणि मग क्षमेच्या आनंदाने गाऊ लागल्या. त्यांच्यातलेच गट पुढे शुभवर्तमान सांगायला आसपासच्या खेड्यांत जात.