राजा घाटापासून चंद्रकक्षेपर्यंत

काशीतील राजा घाट अमृतराव पेशव्यांनी बांधवला. गंगातीरी स्थिरावलेल्या महाराष्ट्रीय समाजाची ती एक ठळक खूण होय. तेथून प्रवाहासोबत उत्तरेकडे निघाले, की अहल्या घाट व दशाश्वमेध मागे टाकून मानमंदिर लागते. त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाच्या वेधशाळेची अठराव्या शतकातील यंत्रे आजही उभी आहेत. मानवी अंतराळप्रवासाच्या इतिहासाचा एक धागा या वाटेवर गवसतो.

१८२१ मध्ये जन्मलेले बापूदेव शास्त्री नागपूर व सिहोर येथे शिकले आणि १८४२ मध्ये बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. त्यांनी केलेले सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. मानमंदिरातील यंत्रांचे वर्णनही त्यांनी लिहिले. परंपरेविषयी एवढा आदर असूनही आपले पंचांग मात्र त्यांनी आधुनिक वेधांवर आधारलेल्या नाविक पंचांगावरून तयार केले. गणिताने सांगितलेला चंद्र आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे, हा दृक्प्रत्ययाचा आग्रह त्यामागे होता.

पंचांग चुकले तर पर्वकाळ चुकतो. अंतराळयानाचे गणित चुकले तर माणसे परतत नाहीत. पृथ्वीपासून चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ मधून बोरमन, लव्हेल व अँडर्स हे चंद्राच्या कक्षेत पोहोचणारे पहिले मानव ठरले. यानाचा मार्ग मुख्यतः पृथ्वीवरून मोजला जात होता. तरीही लव्हेल यानातील कोनमापक दुर्बिणीने ताऱ्यांचे वेध घेत होते. पृथ्वीशी संपर्क तुटलाच, तर तेच वेध परतीची वाट दाखवणार होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ओरायन हे यान मानवाविना चंद्राकडे धाडले गेले. ते सुखरूप परतले. मात्र त्याच्या उष्णतारोधक कवचाचा जळालेला थर शंभराहून अधिक ठिकाणी अनपेक्षितपणे निखळला होता. यान परतले एवढ्यावर समाधान न मानता अभियंत्यांनी कारण शोधले. कवचात कोंडलेल्या वायूंमुळे भेगा पडल्या होत्या. मानवी उड्डाण लांबणीवर पडले आणि परतीचा मार्गही बदलण्यात आला.

भारताचे गगनयान प्रथम सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच जाणार आहे. २०४० पर्यंत भारतीयाने चंद्रावर उतरावे, हे पुढचे उद्दिष्ट आहे. संकटकाळी अंतराळवीरांना अग्निबाणापासून दूर नेणाऱ्या सुटका-यंत्रणेची चाचणी मात्र २१ ऑक्टोबर २०२३ रोजी, माणूस बसण्याच्या कितीतरी आधी, घेण्यात आली.

शाळेत गणित सुटल्यावर ताळा करून पाहण्याची सवय लावली जाते. उत्तर पुस्तकातील असो वा स्वतःचे, ते पडताळूनच स्वीकारावे, ही ती शिकवण. बापूदेवांनी पंचांगात तीच पाळली. दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाचे प्राणही तिच्याच भरवशावर असतात.