सकाळचा राउंड बंद झाला तेव्हा

मंडळी, मागच्या वेळी आपण अमेरिकेतली रुग्णालयं कशी वाढली ते पाहिलं. आज त्या रुग्णालयात खाटेपाशी कोणता डॉक्टर उभा असायचा, ते पाहू.

विसाव्या शतकात बराच काळ तिथला फॅमिली डॉक्टर दवाखाना उघडण्याआधी रुग्णालयात राउंड घ्यायचा. त्यानंच भरती केलेला पेशंट, त्याचीच औषधं, आणि सुट्टी मिळाल्यावर तोच पेशंट पुन्हा त्याच्याच समोर. मग निरोप कोणी कोणाला द्यायचा? सगळं एकाच डोक्यात होतं. (ब्रिटनमध्ये रुग्णालयातला कन्सल्टंट आणि बाहेरचा जीपी ही वाटणी आधीच झालेली होती. ती हकिकत वेगळी.)

1983 साली घडी मोडायला लागली. मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी विमा, रुग्णालयाला झालेल्या खर्चाऐवजी आजाराच्या गटानुसार ठरलेली रक्कम द्यायला लागला. साहजिकच पेशंटला लवकर घरी पाठवणं फायद्याचं झालं. आत राहिले ते जास्त आजारी, दिवसातून तीन-चारदा पाहावे लागणारे. सकाळच्या एका फेरीत त्यांचं भागेना. आणि एक-दोन पेशंटसाठी ती फेरी डॉक्टरलाही परवडेना.

ऑगस्ट 1996 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख लिहिला, आणि ‘हॉस्पिटलिस्ट’ हा शब्द रूढ झाला. फक्त रुग्णालयातलेच पेशंट पाहणारा डॉक्टर. तो दिवसभर हाताशी असतो, ही मोठी सोय. पण पेशंट घरी गेला की त्याचा संबंध संपतो.

मग माहितीचं काय? 2007 साली सुनील क्रिपलानी आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासून ‘जामा’मध्ये मांडले. दोन डॉक्टर थेट बोलले, असं फक्त 3 ते 20 टक्के वेळा. डिस्चार्ज समरी, म्हणजे आपलं डिस्चार्ज कार्डच म्हणा, पहिल्या भेटीपर्यंत बाहेरच्या डॉक्टरकडे पोचली होती 12 ते 34 टक्के वेळा. त्याआधी 2005 मध्ये बॉस्टनच्या दोन रुग्णालयांतल्या अभ्यासात दिसलं होतं, की 41 टक्के पेशंटचे काही रिपोर्ट ते घरी गेल्यानंतर आले. आता असा रिपोर्ट वाचायचा कोणी? ज्यानं तपासणी सांगितली त्याच्याकडे पेशंट नाही. ज्याच्याकडे पेशंट आहे त्याला तपासणी झाल्याचाच पत्ता नाही.

यात हॉस्पिटलिस्टला खलनायक करण्यात अर्थ नाही. आमच्या मते चूक हिशेबाची होती. पूर्वी राउंडमध्ये फुकट होणारं कळवण्याचं काम वेगळं झालं, पण त्याला ना वेळ ठेवला गेला ना मोबदला.

त्याची दखल पुढे घेतली गेली. ऑक्टोबर 2012 पासून 30 दिवसांत पेशंट परत भरती होण्याचं प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांचे पैसे मेडिकेअर कापू लागला. जानेवारी 2013 पासून बाहेरच्या डॉक्टरला वेगळी फी सुरू झाली: सुट्टीनंतर कामाच्या दोन दिवसांत पेशंटशी संपर्क, आणि 7 किंवा 14 दिवसांत भेट. मात्र त्यासाठी पेशंट घरी आलाय हे त्याला दोन दिवसांत कळायला हवं, आणि ते कळवायचं रुग्णालयातूनच.