शेनिन ब्लाँ : फ्रान्सच्या नदीकाठचं एक द्राक्ष आणि आपल्या पुतण्याचा प्रश्न



परवा पपईच्या बुंध्याला बोर्डो द्यायचं काम चालू होतं. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये मोरचूद भिजत घातलेला, दुसऱ्यात चुना. दोन्ही एकत्र केल्यावर विळ्याचं पातं बुडवून पाहिलं. पात्यावर तांबूस थर दिसला म्हणून अजून थोडा चुना टाकला. तेवढ्यात पुतण्या जवळ येऊन म्हणाला, "नाना, आपण वाइनची द्राक्षं लावू या का? शेनिन नावाची व्हरायटी आहे. नाशिकला चालते, मग शहाद्याला का नाही चालणार?"

मी त्याला लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. म्हटलं, आधी त्या द्राक्षाचा इतिहास बघू. जे समजलं ते इथं लिहितोय.

सुरुवात हातातल्या बोर्डोपासूनच करतो. बोर्डो हे फ्रान्समधलं शहर, द्राक्षबागांचं. तिथले बागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, पण रोगासाठी नाही. निळी पानं बघून वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून! मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की केवड्यानं बाकी बाग झडली, पण या निळ्या वेली हिरव्या आहेत. त्यांनी प्रयोग करून 1885 मध्ये हे मिश्रण जगापुढं मांडलं. चोरांसाठी केलेला उपाय आज आपल्या पपईला लागतोय.

केवड्याच्या आधी त्यांच्यावर आणखी मोठं संकट आलं होतं. 1860 च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्झेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि फ्रान्सच्या बागाच्या बागा वाळल्या. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकन जंगली वेलीच्या मुळावर फ्रेंच काडीचं कलम करण्याचा. आपल्याकडं नाशिक-सांगलीचे बागायतदार 'डॉगरिज' खुंटावर कलम करतात, तो खुंटही अमेरिकन जंगली वेलीचाच. आपल्याकडं तो पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी वापरतात, पण कलमाची वाट त्या संकटानं दाखवली.

आता शेनिन. पूर्ण नाव शेनिन ब्लाँ, ब्लाँ म्हणजे पांढरं. हे लुआर नदीच्या खोऱ्यातलं, आंजू आणि तुरेन या भागांतलं जुनं द्राक्ष. तिथं मऊ चुनखडीचा दगड आहे. त्याच दगडातून राजवाडे बांधले आणि खाणीच्या पोकळ्यांत वाइनची पिंपं ठेवली. या द्राक्षाचा मोठा गुण म्हणजे आंबटपणा. पूर्ण पिकलं तरी आंबटपणा टिकतो, म्हणून वाइन वर्षानुवर्षं राहते. एकाच जातीपासून कोरडी, गोड आणि फेसाळ अशा तिन्ही तऱ्हा होतात. लेयों नावाच्या उपनदीच्या काठी शरद ऋतूत सकाळी धुकं पडतं आणि घडांवर एक बुरशी येते. आपण म्हणू बाग गेली! पण दुपारी ऊन पडलं तर तीच बुरशी मण्यातलं पाणी कमी करून साखर घट्ट करते. मग मजूर मिरचीच्या तोड्यासारखे एकाच बागेत चार-पाच वेळा फिरतात आणि तयार झालेले मणी तेवढे काढतात.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये भेसळ आणि पडलेले भाव यांनी शेतकरी बेजार होता. तेव्हा सरकारनं कायदा केला, की गावाचं नाव त्या गावच्या मातीचंच राहील. व्हूव्रे हे नाव 1936 मध्ये असं बांधलं गेलं. हद्द ठरली, जात ठरली, एकरी उत्पादनाला मर्यादा आली. बाहेरचा कितीही मोठा व्यापारी असो, दुसरीकडची वाइन त्याला त्या नावानं विकता येत नाही.

नाव गेलं की काय होतं तेही याच द्राक्षानं पाहिलंय. डच लोकांनी सतराव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत द्राक्षं नेली. तिथं हे द्राक्ष 'स्टीन' नावानं वाढलं आणि मूळ नाव विसरलं गेलं. 1960 च्या दशकात अभ्यासकांनी ओळख पटवली, की स्टीन म्हणजेच शेनिन. आज फ्रान्सपेक्षा जास्त शेनिन तिकडं आहे.

आपल्या महाराष्ट्रात ते रुजलं ते नाशिकला. राजीव सामंत यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी गंगापूर धरणाजवळ सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन लावलं, आणि 2000 साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. फ्रान्सचा वेल हिवाळ्यात झोपतो, आपला झोपतच नाही. म्हणून एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि काढणी थंडीच्या दिवसांत. नाशिक साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. रात्री गार असतात, त्यामुळं आंबटपणा टिकतो.

मग सगळे धावले. माझा मामेभाऊ निफाडकडचा. त्यानं 2006 ला दोन एकर वाइनची द्राक्षं लावली. 2008 ला मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. ज्यांच्याशी करार होता त्यांनी उचल कमी केली, नंतर फोनही उचलेनात. 2010 ला त्यानं बाग काढून टाकली. मला म्हणाला, "थॉमसन असती तर मार्केटला नेली असती, नाहीतर बेदाणा केला असता. या बारीक बियांच्या द्राक्षाचं काय करू? ढोरांना घालू?" ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक, त्याचा भाव गिऱ्हाईकच ठरवतो. पपईच्या भावावरून दरवर्षी आपण व्यापाऱ्यांशी भांडतो, पण तिथं निदान व्यापारी चार तरी असतात.

आणि आपला शहादा दोनशे मीटरच्याही खाली. एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, पण तिथं सलग जमीन आणि रस्ता किती, तेही तुम्हाला माहीत आहे.

हे वाचताना मला आपला मोह आठवला. सातपुड्यात पहाटे फुलं गळतात, भिल्ल-पावरा घरातल्या बाया-पोरं टोपल्या भरतात, देवाला पहिली धार दिली जाते. 1878 मध्ये, म्हणजे फ्रान्समध्ये केवडा पोचला त्याच वर्षी, इंग्रजांनी मुंबई अबकारी कायदा केला. तेव्हा आपण खानदेश जिल्ह्यात होतो. घरची भट्टी गुन्हा ठरली आणि दारू ठेकेदाराच्या हाती गेली. 1892 च्या कायद्यानं ठाणे-कुलाब्याकडं तर फुलांवरच बंधनं आली. तिकडं कायद्यानं शेतकऱ्याचं नाव राखलं, इकडं कायद्यानं हातचं काढून घेतलं. आता नर्मदेपलीकडं अलिराजपूरला मध्य प्रदेश सरकारनं मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' म्हणून परवानगी दिली आणि ते बचत गटांमार्फत तयार होतंय. दारूनं घरं बुडताना मीही पाहिलीत, म्हणून प्या असं मी म्हणत नाही. पण फुलाचा भाव गोळा करणाऱ्या बाईला मिळतो की मधल्याला, हा प्रश्न दारूच्या पलीकडचा आहे.

पुतण्याला मी एवढंच म्हटलं, "लावायचीच असतील तर आधी वीस वेली लाव, कर्ज न काढता. तीन वर्षं रात्रीचं तापमान आणि मण्यातला आंबटपणा लिहून ठेव. आणि माल कोण घेणार, त्यानं नाही घेतला तर काय, हे पहिल्या पानावर लिही."

त्यानं वही आणलीय. पहिलं पान अजून कोरं आहे.

आपल्या भागात कुणी वाइनची द्राक्षं लावून पाहिली असतील तर अनुभव कळवा. नुकसानीचाही सांगा, तोच जास्त कामाचा.