चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील सौर गृहसंच

सौर गृहसंच म्हणजे वीजवाहिनीशी न जोडता एका घरापुरती वीज निर्माण करणारी व साठवणारी छोटी यंत्रणा होय. चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत तारा न पोहोचलेल्या किंवा वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या वस्त्यांसाठी ती उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे महानिर्मितीचे २,९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, एटापल्ली या तालुक्यांत मात्र विखुरलेल्या टोल्यांपर्यंत तारा नेणे कठीण आहे. वन हक्क कायदा, २००६ नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने वीजवाहिनीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. त्याहून अधिक जमिनीसाठी वनसंवर्धन कायदा, १९८० खालील मंजुरी आवश्यक असते.

रचना

संचात सौर पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी व एलईडी दिवे असतात. ४० वॅटच्या पॅनेलला दिवसाकाठी चार तास पूर्ण ऊन मिळाल्यास सुमारे १६० वॅट-तास वीज तयार होते. ५ वॅटचे तीन दिवे सहा तास लावल्यास ९० वॅट-तास खर्च होतात. घट वजा जाता उरलेल्या विजेवर मोबाइल चार्ज करता येतो. पावसाळ्यात ढगांमुळे निर्मिती घटते. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तोही याच काळात.

शासकीय योजना

सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा संच, पाच दिवे, एक पंखा व पाच वर्षांची देखभाल यांची तरतूद होती. नोव्हेंबर २०२३ मधील पीएम-जनमन अभियानात अतिअसुरक्षित आदिवासी समूहांच्या वीज नसलेल्या घरांसाठी ०.३ किलोवॅटच्या संचांची तरतूद आहे. माडिया गोंड व कोलाम यांचा या समूहांत समावेश होतो. २०२४ ची पीएम सूर्यघर योजना वीजजोडणी असलेल्या घरांसाठी असल्याने तारा न पोहोचलेली घरे तिच्या कक्षेबाहेर राहतात.

खर्च व देखभाल

पॅनेल साधारणतः २५ वर्षे टिकते, तर लेड-अ‍ॅसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. त्यामुळे संच विनामूल्य मिळाला तरी तो चालू ठेवणे विनामूल्य नसते. बॅटरी पूर्ण उतरू न देणे व तिच्यात वेळोवेळी शुद्ध पाणी भरणे आवश्यक असते. लिथियम बॅटरी महाग असली तरी अधिक काळ टिकते.

येथील अनेक कुटुंबांच्या हाती रोख रक्कम मुख्यतः मोहफूल व तेंदूपानाच्या उन्हाळी हंगामात येते. मासिक हप्त्यांपेक्षा हंगामी हप्ता किंवा ग्रामसभेचा देखभाल निधी या उत्पन्नाशी अधिक जुळतो. तशी सोय नसल्यास बॅटरी संपताच पॅनेल सुस्थितीत असूनही घरात पुन्हा अंधार होतो.