कायद्यानंतरची कादंबरी

१८५६ च्या जुलै महिन्यात हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा झाला, आणि पुढल्याच वर्षी, १८५७ साली, बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ छापून निघाले. मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून या पुस्तकाचा मान सर्वांस ठाऊक आहे. परंतु या दोन सालांचा क्रम मात्र फारसा कोणी ध्यानात घेत नाही. प्रश्न मांडणाऱ्या कादंबरीविषयी सुशिक्षित वाचकाची एक ठाम समजूत असते. आधी कादंबरीकार समाजाचे दुःख वेशीवर टांगतो, मग लोकमत जागे होते आणि शेवटी सरकार कायदा करते, अशी ती समजूत होय. मराठी कादंबरीचा इतिहास पाहू गेल्यास बहुतेक वेळा गाडी उलट दिशेने धावताना दिसते. येथे कायदा आधी झाला आहे आणि कादंबरी मागून आली आहे. राजपत्रात जे छापले गेले ते घराच्या उंबरठ्यापर्यंत का पोहोचले नाही, हे पाहावयास ती आली.

१८५६ च्या कायद्याने विधवेला लग्न करण्याची मोकळीक दिली खरी, पण त्याच कायद्यान्वये पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपत असे. केशवपन, एकवेळचे जेवण, माजघरातील अंधारा कोपरा यांविषयी कायद्यात अक्षरही नव्हते, आणि असणारही कसे? पदमनजींनी नेमका हाच मुलूख धुंडाळला. यमुना व तिचा पती विनायक प्रवासास निघतात आणि ठिकठिकाणच्या विधवांची स्थिती पाहतात. पुढे विनायकाच्या मृत्यूने यमुनेवरच तो प्रसंग कोसळतो, आणि अखेर ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुन्हा विवाह करते. पदमनजी स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झालेले होते. त्यांच्या पुस्तकाची ताकद आणि त्याचे दौर्बल्य अशी दोन्ही येथेच आहेत. विधवांच्या हकिकती वाचताना आजही मन अस्वस्थ होते. मात्र लेखकापाशी उत्तर पहिल्यापासून तयार आहे, आणि यमुनेला त्या उत्तराकडे चालत जाण्यापलीकडे काही काम उरत नाही. उत्तर खिशात घेऊन लिहिलेली कादंबरी वाचकाला पटली तरी त्याच्याजवळ राहत नाही.

यानंतरच्या काळात मराठी वाचक राजपुत्र, राजकन्या आणि अद्भुत योगायोग यांत रमला. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांचा तो काळ. त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही, कारण कादंबरी वाचण्याची गोडी याच पुस्तकांनी लावली, आणि ती गोडी नसती तर हरिभाऊ आपट्यांना वाचक मिळाला नसता.

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले, आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही त्यांची कादंबरी त्यातून क्रमशः येऊ लागली. तिचा पहिला विशेष असा की ती यमूच्या तोंडून सांगितली आहे. निबंधकार विधवेविषयी बोलतो. येथे विधवाच बोलते, आणि तीही आपल्या स्थितीविषयी नव्हे, तर आपल्या माहेराविषयी, आईविषयी, दादाविषयी, दुर्गी नावाच्या मैत्रिणीविषयी. लग्न झालेली अजाण पोर सासरी येते, शिकलेल्या नवऱ्याच्या सहवासात हळूहळू वाचू लागते, मुंबईच्या बिऱ्हाडात थोडे दिवस सुखाचे जातात, आणि मग रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर शंकरमामंजींच्या हाती तिचे सगळे आयुष्य पडते. केशवपनाचा प्रसंग येईतो वाचकाचे यमूशी घरोब्याचे नाते जडलेले असते. कोणी तरी एक विधवा नव्हे, ‘आपली यमू’ त्या न्हाव्यापुढे बसविली जात आहे, असे त्याला वाटते. साप्ताहिकातून येणारी गोष्ट दर आठवड्यास घरात पाऊल टाकीत असे, हेही विसरता कामा नये. एका बैठकीत वाचून मिटावयाच्या पुस्तकापेक्षा असे येणे-जाणे फार खोल जाते.

ही कादंबरी चालू असतानाच, १८९१ च्या मार्च महिन्यात, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर आले. त्या वेळच्या वादाने पुण्यात दोन तट पडले. सभा झाल्या, अग्रलेख झाले, शास्त्रार्थ झाले. त्या वादातील बहुतेक मजकूर आज अभ्यासकांपलीकडे कोणी वाचत नाही. यमू मात्र वाचली जाते. हरिभाऊ सुधारक पक्षाचे होते, तरी त्यांच्या कादंबरीत सुधारणेचा विजय होत नाही. शिकलेला, समजूतदार, बायकोवर प्रेम करणारा नवरा असून यमूचे काय झाले, हाच तर त्या पुस्तकाचा आशय आहे. कायदा अनुकूल, नवरा अनुकूल, आणि तरीही घर प्रतिकूल! हे अंतर मोजण्याचे साधन निबंधाजवळ नव्हते. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा पहिल्या कायद्यास चाळीस वर्षे होऊन गेली होती.

पुढील पिढीत प्रश्न बदलले आणि कादंबरीकारांचा घोळकाही वाढला. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’त पात्रे तत्त्वज्ञानाची चर्चा करतात, ती चर्चा काही ठिकाणी फार लांबते, हे त्यांच्या चाहत्यांनीही कबूल करावे. डॉ. केतकरांनी १९३० साली ‘ब्राह्मणकन्या’ लिहिली. ज्ञानकोश रचणाऱ्या या पंडिताच्या हाताला कादंबरीची नजाकत नव्हती, पण जातीच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या कालिंदीचे पुढे काय व्हावयाचे, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य होते. वरेरकरांनी ‘धावता धोटा’ मध्ये गिरणीतला कामगार आणला. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने निघाला आणि शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न न झालेल्या मुलींच्या मनातील गोष्टी उघड्या पडल्याने मध्यमवर्गीय घरांत खळबळ उडाली. त्याच सुमारास ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या वादावर फडके आणि खांडेकर यांच्या बाजूने जेवढी शाई खर्ची पडली, तेवढ्या शाईत चारदोन चांगल्या कादंबऱ्या सहज लिहून झाल्या असत्या.

विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई बेडेकर, यांची ‘बळी’ ही कादंबरी मात्र येथे निराळी काढून ठेवली पाहिजे. इंग्रज सरकारने १८७१ पासून कायदे करून काही जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. या जमातींच्या माणसांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत ठेवीत आणि त्यांची हजेरी घेत. सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाईंनी अधिकारी म्हणून काम केले होते. ‘बळी’ १९५० साली आली आणि १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला. कादंबरी कायद्याच्या आधी आल्याचे हे उदाहरण म्हणून कोणी पुढे करील. परंतु येथेही कादंबरीपूर्वी एक कायदा होताच, आणि त्या कायद्याने माणसाचे काय केले हेच तिने दाखविले. पांढरपेशा लेखिकेने आपल्या घराबाहेरचा प्रश्न हाती घेतला आणि सुधारणा करावयास आलेल्या सुशिक्षितांनाही सोडले नाही. वसाहतीतील माणसांचे ‘भले’ करणारे लोक या कादंबरीत फारसे शोभून दिसत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर ज्यांच्याविषयी लिहिले जात होते, ते स्वतः लिहू लागले. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ ची. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची; तिच्यातील कौतिक ही बाई वऱ्हाडातल्या दारिद्र्याशी ज्या चिवटपणे झुंजते, तिला ‘प्रश्न’ म्हणावयास जीभ धजत नाही. गेल्या पस्तीस वर्षांतील ज्या कादंबऱ्या आजच्या वाचकाने आवर्जून मिळवून वाचाव्यात, त्या याच वाटेने आल्या आहेत.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. धरणाखाली जांभळी हे गाव बुडते आणि गावकरी नव्या ठिकाणी पर्यायी जमिनीसाठी कचेरीचे उंबरे झिजवीत राहतात, एवढीच ही गोष्ट. महाराष्ट्राने १९७६ सालीच प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला होता. म्हणजे पुन्हा तोच क्रम! लेखक महसूल खात्यात अधिकारी राहिलेले असल्यामुळे नोटीस, मोबदला, सातबारा, लाभक्षेत्र हे शब्द येथे नुसते रंग भरण्यास येत नाहीत. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना माणूस कसा गळतो, हे खैरमोडे गुरुजींच्या धडपडीतून दिसते. पुस्तक जाडजूड आहे आणि मध्यंतरी काही प्रसंग एकमेकांसारखे वाटतात, तथापि ते सोडून देऊ नये. कचेरीचे हेलपाटेही एकमेकांसारखेच असतात.

कविता महाजन यांची ‘ब्र’ २००५ ची. पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली होती. त्यानंतर बारा वर्षांनी ही कादंबरी आदिवासी भागातील सरपंचबायांना भेटावयास निघते. खुर्ची मिळाली, शिक्का मिळाला, पण कारभार नवऱ्याचा नाहीतर गावच्या पुढाऱ्याचा. आणि बाई खरोखर बोलू लागली की तिच्यावर अविश्वासाचा ठराव. मराठीत एखाद्याला ‘ब्र काढू देत नाहीत’ असे म्हणतात. त्या एका अक्षरात लेखिकेने सगळे साठविले आहे. निवेदन करणारी प्रफुल्ला स्वयंसेवी संस्थेत काम करते, आणि त्या संस्थांची झडतीही कादंबरी घेते. यमुनेच्या प्रवासापासून प्रफुल्लेच्या प्रवासापर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे गेली. मधल्या काळात प्रवासाला निघालेल्या बाईजवळचे तयार उत्तर मात्र नाहीसे झाले. याच लेखिकेची ‘भिन्न’ (२००७) एचआयव्हीग्रस्तांच्या जगात शिरते. ती वाचण्यास मन घट्ट करावे लागते. प्रथम ‘ब्र’ वाचावी.

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) मध्ये कायद्याचा हा धागा सुटतो, आणि तेही बरेच आहे, नाहीतर सर्व वाङ्मय एका दोरीत ओवण्याचा मोह होतो. येथे कायद्याच्या जागी बाजारभाव आहे. शिकूनही नोकरी न लागलेला एकनाथ, शेतीच्या संसारात जीव न रमणारी त्याची शिकलेली पत्नी अलका, आणि विदर्भातले कोरडवाहू शेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या शहरातला वाचक चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. ‘बारोमास’ ते पान उलटू देत नाही. शेतकरी-कुटुंबातला कलह केवळ पैशाचा नसतो. शिकलेल्या मुलाकडून सगळ्या घराने बांधलेल्या आशेचा तो असतो, हे या कादंबरीइतके स्पष्ट क्वचितच कोठे आले असेल. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला.

नंदा खरे यांची ‘उद्या’ (२०१४) हिने तर क्रमच मोडला. माणसाचा प्रत्येक व्यवहार यंत्रात नोंदला जातो आणि नोंद ठेवणारा त्याचा धनी होऊन बसतो, असा नजीकचा भविष्यकाळ तिने रंगविला. व्यक्तीच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ साली झाला, कादंबरीनंतर नऊ वर्षांनी. साहित्य अकादमीने २०२० चा पुरस्कार तिला जाहीर केला. लेखकाने तो स्वीकारला नाही. गोष्टीचा ओघ हवा असलेल्या वाचकाला पहिली काही पाने तुटक वाटतील. विज्ञानाची किंवा अर्थशास्त्राची थोडी आवड असलेल्याने मात्र हीच पहिल्याने हाती घ्यावी.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीस २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय पुन्हा धरणग्रस्तांचाच. त्यामुळे ‘झाडाझडती’ वाचलेल्याने ‘तेच ते’ म्हणून ती बाजूस सारण्याचा संभव आहे. तसे करू नये. येथे कचेरी मागे पडली आहे. उठून गेलेल्या गावाचा देवाप्पा मागे राहिलेली म्हैस आणावयास जुन्या मुलखात परत जातो, आणि ती म्हैस आता माणसाची उरलेली नसते. मोबदल्याच्या कोणत्याही तक्त्यात जनावराच्या रानटी होण्याचा रकाना नाही. भाषा कोल्हापूरकडची, त्यातही डोंगरातली. पुण्यामुंबईच्या वाचकाला पहिल्या दहापाच पानांत ठेच लागते. घरात कोणी तरी ती पाने मोठ्याने वाचावीत. कानावर पडताच वाक्ये सुटी होतात, आणि पुढे पुस्तक ज्याचे त्याने आपापले वाचता येते.