तबकडीवर न छापलेली नावं

‘हम दोनो’ नावाची एलपी 1969 साली लंडनमध्ये निघाली. नाव हिंदी, सॅक्सोफोन जमैकाच्या जो हॅरियटचा आणि गिटार अमान्सियो डिसिल्वाची. अमान्सियोचा जन्म 1936 चा, मुंबईतला, घराणं गोव्याचं. या एलपीत ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची एक रचना आहे. तेव्हा ती फारशी खपली नाही. आज जुन्या जॅझच्या तबकड्या जमवणाऱ्यांमध्ये तिच्या मूळ प्रतीला जो भाव येतो, तो ऐकून आमच्या साखळीच्या बाजारातला व्यापारी दोनदा विचारील. ज्यांना तेवढे पैसे मोजणं शक्य नाही त्यांच्यासाठी तिचं पुनर्मुद्रण निघालं. त्याच वादकाची ‘कोंकण डान्स’ तर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मुद्रित होऊन कपाटातच पडून राहिली आणि थेट या शतकात बाहेर आली.

आमच्या डिचोली-पेडण्याकडे कोंकण म्हटलं की दशावतार, धालो, घुमट. तोच शब्द लंडनच्या स्टुडिओत जॅझच्या एलपीवर कसा पोचला, हे शोधायला मागे जावं लागतं, आणि मागे जाताना दर टप्प्यावर एक तबकडी हाताला लागते. तिच्यावर वादन असतं, वादकाचं नाव बहुधा नसतं.

संगीताच्या हिशेबानं गोवे दोन आहेत. बार्देस, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळा निघाल्या. तिथले मेस्त्री पोरांना सोल्फा घोकायला लावत, व्हायोलिन हातात देत, कागदावरचे स्वर वाचायला शिकवत. डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा हा मुलूख पोर्तुगिजांकडे आला अठराव्या शतकात. इथं संगीत राहिलं देवळात आणि कलावंतांच्या घरांत, कानानं घ्यायचं आणि गळ्यानं द्यायचं. मंगेशीहून मास्टर दीनानाथ गेले, फोंड्याच्या केरीहून केसरबाई गेल्या, कुर्डीहून मोगूबाई. साळावलीच्या धरणानं ते कुर्डी गावच पुढे पाण्याखाली घेतलं. हळदोणे, माजोर्डा, नेवरा, कुडचडे इथून गेले ते ट्रम्पेटवाले, सॅक्सोफोनवाले, व्हायोलिनवाले. दोघांचीही पोटाची वाट मुंबईलाच जात होती.

मुंबईत त्या वेळी तबकडी नवी राहिली नव्हती. 1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्याला पहिली भारतीय ध्वनिमुद्रणं केली, त्यांत गौहर जान होती. आधी हे सगळं छापून यायचं जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. 1908 मध्ये कलकत्त्याच्या सियालदाला कारखाना निघाला, पुढे डमडमला. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 78 फेऱ्यांची ती जड, पडताच फुटणारी तबकडी लाखेपासून बनत असे, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत होता. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडला तेव्हा अमेरिकेत नव्या तबकड्यांवर निर्बंध आले. म्हणजे न्यू ऑर्लीन्सच्या लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट ज्या पदार्थात कोरला गेला, त्यात छोटा नागपूरच्या पळस-कुसुमावरच्या किड्यांचा वाटा होता. आर्मस्ट्राँगचे सूर भारतात पोचण्याआधी भारत त्याच्या तबकडीत पोचला होता.

मग आर्मस्ट्राँगच्या गोतावळ्यातले लोकही आले. 1935 मध्ये लिऑन ॲबीचं कृष्णवर्णीय वादकांचं पथक ताजमहाल हॉटेलात वाजवू लागलं. पाठोपाठ ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ. त्याच्या पथकानं 1936 मध्ये मुंबईतच रेक्स कंपनीसाठी तबकड्या भरल्या. शिकागोचा पियानोवादक टेडी वेदरफर्डही आला, आणि 1945 साली कलकत्त्यातच वारला. या पथकांच्या आसपास गोंयकार पोरं होती. स्वरलिपी त्यांना येतच होती. कागदावर न मावणारी लय, ती ओढ, ते मागे रेलून वाजवणं त्यांनी या लोकांकडून उचललं. 1939 पासून ताजचं पथक मिकी कोरिया या गोवेकर वंशाच्या वादकाच्या हाती आलं, ते 1960 पर्यंत.

यांत सर्वांत चमकला हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत, आणि भारताचा आर्मस्ट्राँग असंही म्हणत. रंगूनला वाजवून तो युद्धाच्या काळात मुंबईत स्थिरावला. गळ्यातला खरखरीत सूर, हातातला रुमाल, ट्रम्पेट आकाशाकडे रोखण्याची ढब, सगळं गुरूकडून दुरूनच घेतलेलं. त्याच्या पथकाच्या 78 च्या तबकड्या निघाल्या, आणि त्यांच्यावर त्याचं नाव ठळक छापलेलं असे. हॉटेलात पथकाचा प्रमुख म्हणजे जाहिरातच. त्याचं नाव छापणं कंपनीच्या फायद्याचं होतं.

सिनेमात गेल्यावर हे उलटलं.

सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांना पाश्चात्त्य ठेक्याची भूल पडली होती आणि ती पेलणारा माणूस त्यांना चिकमध्ये सापडला. 1951 चा ‘अलबेला’ घ्या. भगवान दादांची ती नाचगाणी महाराष्ट्रातल्या गणपतींत अजून वाजतात. ‘शोला जो भडके’ सुरू होताच पाय हलतो तो ज्या वाद्यमेळामुळे, त्यात चिक आणि त्याचे साथीदार होते; सिनेमात ते झालरीचे सदरे घालून पडद्यावरही दिसतात. गाण्याच्या तबकडीच्या लेबलवर मात्र सिनेमाचं नाव, गाणाऱ्यांची नावं, संगीतकाराचं नाव. लेबल असतं जेमतेम तीन इंचांचं, हे खरं. पण जागेची अडचण हे पूर्ण कारण नव्हे. वादक रोजावर येत. ध्वनिमुद्रण झालं की पैसे हातात आणि पुढचा स्टुडिओ. संगीतकार चाल गुणगुणे, अरेंजर ती स्वरलिपीत मांडून साठ जणांना कागद वाटे, काम संपलं की ते कागद रद्दीत. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि इतरांसाठी वर्षानुवर्षं हेच काम केलं. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवत, अरेंज करत, आणि त्यांनी ‘आमचें नशीब’ (1963) व ‘निर्मोण’ (1966) हे कोंकणी चित्रपटही काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालचे गुरू. शिष्यानं 1977 मध्ये गाण्याच्या तोंडीच गुरूचं नाव घातलं तेव्हा ते देशाच्या ओठी आलं, आणि तरीही कित्येकांना ते नाव काल्पनिकच वाटलं.

या सगळ्या काळात एक तबकडी अपवाद म्हणून उभी आहे. 1968 साली एचएमव्हीनं शंकर-जयकिशनची ‘रागा जॅझ स्टाइल’ काढली. अकरा राग: तोडीपासून भैरवीपर्यंत. सतार रईस खाँ यांची, सॅक्सोफोन मनोहारी सिंग, ट्रम्पेट जॉन परेरा, पियानो लुसिला पाशेको, ड्रम लेस्ली गोदिन्यो, तबला रमाकांत, मांडणी सेबास्टियन डिसोझांची. गाणारा कुणी नाही, त्यामुळे पुढं आलेच ते वादक. मी ही तबकडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मालकंस ऐकताना थबकलो. सतार राग उलगडते, ट्रम्पेट तेच स्वर घेऊन वेगळ्या ठेक्यावर पाऊल टाकतो, आणि मधली सांध कुठं आहे ते कळत नाही. देवळातला गोवा आणि चर्चमधला गोवा ज्या कामासाठी मुंबईला गेले, ते काम इथं झालेलं दिसतं. पुढे 1970 च्या सुमारास नेवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्विसनं सॅक्सोफोनवर ‘रागा रॉक’ केलं. त्यात हीच वाट अधिक मोकळी झाली.

कोंकणी गाण्यांत वेगळंच घडत होतं. ख्रिस पेरीनं लॉर्ना कोर्देरोला घेऊन कोंकणी गाण्यांच्या लहान तबकड्या भरल्या. ‘बेबदो’, ‘पिसो’ अशी ती गाणी. भाषा गोंयची, वाद्यं नाइट क्लबची. सोल संगीताचा आवाज ऐकलेल्या माणसाला लॉर्नाच्या गळ्यातला तो भरडपणा ओळखीचा वाटतो, पण ती नक्कल नव्हे. त्यात मडगाव आहे, मुंबईचा चर्चगेट आहे. माझ्या मते गोव्यानं जगाच्या सोल संगीतात घातलेली भर हीच. ‘नाचूं-या कुंपासार’ हा 2014 चा चित्रपट या दोघांवर बेतलेला, त्यामुळे नव्या पिढीला ती गाणी कळली; जुन्या 45 फेऱ्यांच्या तबकड्या शोधणारे वाढले तेही त्यानंतरच.

मग कॅसेट आली. 1980 च्या दशकात घरोघरच्या तबकड्या माळ्यावर गेल्या, माळ्यावरून भंगारात गेल्या, भंगारातून मुंबईच्या चोरबाजारात. आणि ज्या वेळी आपण टाकून देत होतो त्या वेळी बाहेरची माणसं उचलू लागली. 1999 मध्ये कल्याणजी-आनंदजींच्या मारधाडीच्या सिनेमांतलं संगीत नव्या ठेक्यांवर बसवून ‘बॉम्बे द हार्ड वे’ अमेरिकेत निघाली. हॉलंडचा एदो बौमन हा संग्राहक 2002 साली दिल्लीत एका दुकानात तबकड्या चाळत होता. त्याला चरणजित सिंग यांची 1982 ची एलपी मिळाली, त्यात दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर यंत्रांनी वाजवलेले. त्यानं ती 2010 मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर पुन्हा काढली. आयुष्य सिनेमाच्या वाद्यमेळात घालवलेला हा मुंबईचा वादक म्हातारपणी युरोपात जाऊन तरुणांसमोर वाजवून आला. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या रॉक-फंक पथकाची तबकडी 2011 मध्ये कॅलिफोर्नियातून पुन्हा निघाली.

पुनर्मुद्रणावर नाक मुरडणारे संग्राहक आहेत. त्यांना मूळ प्रतच हवी, तिच्याच खाचा, तिचंच पाकीट. मला हे पटत नाही. चांगल्या पुनर्मुद्रणासोबत एक पुस्तिका येते. ती लिहिणाऱ्याला हयात वादक शोधावे लागतात, कुणी कोणता तुकडा वाजवला ते विचारावं लागतं. लेबलवर न मावलेलं नाव अशा रीतीनं पन्नास वर्षांनी छापलं जातं. मूळ प्रत कपाटात राहते, नाव बाहेर येतं. मुंबईत 1990 मध्ये सुरू झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’, तिचे सुरेश चांदवणकर, ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक 2012 मध्ये लिहिणारे नरेश फर्नांडिस, सिनेमाच्या वादकांच्या मुलाखती घेणारे ग्रेगरी बूथ यांनी हे काम केलं, त्यामुळे आज आपण ही नावं घेऊ शकतो.

जगातली सर्वांत दूर गेलेली तबकडीही एका संग्राहकी शोधातूनच पुरी झाली. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचं संगीत पाठवायचं ठरलं. संगीतज्ज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी सुचवली, पण तबकडी बाजारात मिळेना. या कामावर असलेल्या ॲन ड्रुयननं न्यूयॉर्क पालथं घातलं. शेवटी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, एका टेबलाखाली, खोक्यात ती सापडली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या त्या तबकडीवर केरीच्या केसरबाई आणि ‘मेलँकली ब्लूज’ वाजवणारा लुई आर्मस्ट्राँग, दोघेही आहेत. हळदोण्याच्या चिकनं ज्याला गुरू मानलं तो, आणि आमच्या देवळातल्या परंपरेतली ती. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या, दुसरं यान सुटल्यावर काही दिवसांनी. 2017 मध्ये या संग्रहाचं तीन एलपींचं पुनर्मुद्रण निघालं, आणि पुढच्या वर्षी त्याच्या मांडणीला ग्रॅमी मिळालं.

साखळीत तबकड्या जपणं सोपं नाही. वाळवंटी नदीच्या काठची हवा, चार महिने पाऊस; आषाढात पाकिटाला बुरा येतो, श्रावणात तो खाचांत उतरतो. वाजवताना सतत बारीक कुरकुर ऐकू येते ती बहुधा त्याची. एलपी किंवा 45 असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनंच गोल हात, मग नुसत्या पाण्यानं धुऊन सावलीत उभी वाळवायची. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. 78 ची लाखेची असेल तर स्पिरिट चुकूनही नको, लाख त्यात विरघळते. तबकड्या आडव्या रचून ठेवू नयेत, वजनानं वाकतात. माळ्यावरून त्या खाली आणून भिंतीपासून हातभर लांब, उभ्या ठेवाव्यात.

पण धुण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. लेबलचा नीट फोटो घ्यावा, आणि खाचा संपून लेबल सुरू होतं त्या गुळगुळीत पट्ट्यावर उजेड तिरका पाडून तिथं कोरलेला आकडा उतरवून घ्यावा. त्या आकड्यावरून ध्वनिमुद्रणाचा काळ आणि बहुधा गाव काढता येतं. काळ कळला की त्या दिवशी स्टुडिओत कोण कोण बसलं होतं हे विचारता येतं. ज्यांना विचारायचं ती घरं हळदोण्यात, माजोर्ड्यात, कुडचड्यात अजून आहेत. म्हाताऱ्या वादकांची मुलं वडलांचे फोटो आणि रोजाच्या पावत्या ठेवून असतात, आणि विचारणारा कुणी आला तर दार उघडतात.